बासिम, वाशीम, वत्सगुल्म

वाकाटकांवर निबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आली. "सर, संगणकावर 'वाशीम' टाकलं, पण ताम्रपटाचं काहीच येत नाही." मी म्हणालो, "मग नसेल." ते उत्तर किती चुकीचे होते, हे मला संध्याकाळी कळले.

वाकाटकांच्या या राजधानीचे जुने नाव वत्सगुल्म. इंग्रजी अमदानीत ती 'बासिम' झाली. १९०५ पर्यंत त्या नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. आजचा वाशीम जिल्हा १९९८चा. साध्या शोधयंत्राला हा इतिहास ठाऊक नसतो, ते फक्त अक्षरे जुळवते. म्हणून तिन्ही नावे, देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत, 'किंवा' घालून एकत्र शोधावी लागतात. तशी शोधली, तेव्हा १९३९ साली सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला आणि वा. वि. मिराशींनी संपादित केलेला वाकाटक लेखांचा १९६३चा इंग्रजी संग्रहही.

पुढची पायरी संदर्भ-जोडणीची. तळटीपेवर टिचकी मारताच मूळ लेख उघडावा, यासाठी लेखाला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक देतात. संकेतस्थळ बदलले तर प्रकाशक नवा पत्ता नोंदवतो. क्रमांक तोच राहतो. २००० साली स्थापन झालेली क्रॉसरेफ ही संस्था अशा नोंदी सांभाळते. लेखाने कोणाचा आधार घेतला हे तळटिपांवरून दिसतेच. पुढे त्या लेखाचा आधार कोणी घेतला, हेही या नोंदींमुळे शोधता येते.

मराठीपाशी मात्र ही साखळी तुटते. मिराशींनी वाकाटकांवर मराठीतही ग्रंथ लिहिला. पण जुन्या मराठी ग्रंथांना आणि दिवाळी अंकांतल्या लेखांना सहसा असा क्रमांक नसतो. मग पुढचा संशोधक माझ्यासारखेच म्हणतो, "मग नसेल." शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४४ साली प्रसिद्ध केली, ती संगणकाविना. आपल्या हाती तर साधने आहेत.

आम्ही आता ग्रंथालयातल्या दिवाळी अंकांतला प्रत्येक लेख वेगळा नोंदवतो : लेखक, शीर्षक, वर्ष, पृष्ठ आणि गावाची सारी नावे. वाशीमसमोर बासिम आणि वत्सगुल्म लिहिण्याचे काम त्या विद्यार्थिनीने स्वतःकडे मागून घेतले आहे.