दारिद्र्यरेषा : किती आणि कोण?

आपल्या गावात गरीब कोण, हे ग्रामपंचायतीच्या कोणत्याही जुन्या सदस्यास विचारावे. तो घरे मोजून सांगेल. देशात गरीब किती, हे मात्र असे सांगता येत नाही. त्यासाठी आधी माप ठरवावे लागते. हे माप ठरविण्याच्या कामात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत प्रा. वि. म. दांडेकर यांचे नाव अग्रभागी येते. साताऱ्यात १९२० साली जन्मलेले दांडेकर मूळचे संख्याशास्त्रज्ञ होत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले व पुढे ते तिचे संचालकही झाले.

त्यांच्या हाती सामग्री होती ती १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीची. निवडलेल्या कुटुंबांकडे जाऊन गेल्या तीस दिवसांत धान्य, मीठ, तेल, सरपण, कापड यांवर किती खर्च झाला, याची नोंद अन्वेषक करीत. घरच्या शेतातील ज्वारी व परड्यातील भाजी यांचीही किंमत धरण्यात येई. उत्पन्नाऐवजी खर्च विचारण्याचे कारण उघड आहे. ज्याला आज मजुरी मिळाली आणि उद्या नाही, त्याने वर्षाचे उत्पन्न कोणत्या आधारावर सांगावे? (घरात तेल किती आले हे घरधन्यापेक्षा गृहिणीच नेमके सांगते, हे खानेसुमारीचे काम केलेल्या शिक्षकांस निराळे सांगावयास नको.)

दांडेकर व नीलकंठ रथ यांनी ही सामग्री खर्चाच्या चढत्या क्रमाने लावून पाहिली. माणशी रोज २,२५० उष्मांक देणारा आहार कोणत्या खर्चाच्या पातळीवर मिळू लागतो, हे त्यांनी शोधले. १९६०-६१ च्या किमतींनुसार ही पातळी ग्रामीण भागात माणशी वर्षाला १८० रुपये व शहरी भागात २७० रुपये अशी त्यांनी धरली. त्या वर्षी ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के व शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते, असा त्यांचा निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाला.

या मापावर आक्षेप घेतला तो डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. तेही सातारा जिल्ह्यातलेच, बुधचे, आणि संख्याशास्त्रज्ञच. एकाच वयाच्या, सारखेच काम करणाऱ्या दोन निरोगी माणसांची अन्नाची गरज सारखी नसते. एवढेच नव्हे, तर एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. तेव्हा सरासरीलाच किमान मर्यादा मानल्यास कित्येक धडधाकट माणसे उपाशी ठरतील, असे त्यांचे म्हणणे होते. दारिद्र्य आणि कुपोषण या दोन भिन्न गोष्टी होत, असे दांडेकरांचे प्रतिपादन होते. वाद तांत्रिक खरा; पण रेषा थोडी वरखाली सरकली की कोट्यवधी माणसे गणतीत येतात किंवा गणतीबाहेर जातात.

पंचायतीच्या दृष्टीने याहून महत्त्वाची मर्यादा निराळीच आहे. नमुना पाहणी ‘किती’ हे सांगते. ‘कोण’ हे सांगत नाही. नावे ठरविण्यासाठी २००२ च्या कुटुंब पाहणीत १३ प्रश्न ठेवण्यात आले. प्रत्येकास शून्य ते चार, असे एकूण ५२ गुण होते. परंतु यादी किती लांब असावी, हे नमुना पाहणीवरून काढलेल्या अंदाजानेच मर्यादित केले होते. त्यामुळे सरपंचाच्या डोळ्यांसमोरचे एखादे कुटुंब एका गुणाने बाहेर राही, आणि सरपंचाला त्याचे कारण सांगणे कठीण होई.

दांडेकर-रथ यांनी दारिद्र्यावरील उपाय म्हणून सार्वजनिक कामांतून रोजगार देण्यावर भर दिला होता. महाराष्ट्रात १९७२ साली राज्यभर सुरू झालेल्या आणि १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे बळ मिळालेल्या रोजगार हमी योजनेत गरिबांची यादी लागतच नव्हती. मातीकामाला, खडी फोडायला जो येई, तोच गरजू धरला जाई.