रुंद तोंडाची टाकी

काकांच्या एम.जी. टीसीला पेट्रोलचा काटाच नव्हता. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला १९४५ ते १९४९ या काळात बनलेली ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार. पेट्रोल संपत आलं की एक हिरवा दिवा लागायचा, तोही त्याची मर्जी असेल तर! म्हणून पंप दिसला की काका थांबायचेच.

१९९८ सालच्या एका रविवारी वाईला जाताना असेच थांबलो. टीसीची टाकी मागच्या बाजूला उघडीच असते, स्टेपनीला खेटून. पंपावरच्या पोराने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि कौतुकाच्या भरात डिझेलची नळी आत घातली. शिसेविरहित पेट्रोलवरच्या गाड्यांच्या टाकीचं तोंड मुद्दाम अरुंद ठेवतात. डिझेलचं जाड नोझल त्यात सहसा शिरत नाही. टीसीचं तोंड म्हणजे घागर!

वास मला आला तोवर आठेक लिटर गेलं होतं.

"किल्लीला हात लावू नकोस," काका ओरडले. त्यांचं बरोबर होतं. किल्ली फिरवली की या गाडीतला विजेवरचा पंप टिकटिक करत टाकीतलं इंधन थेट कार्ब्युरेटरपर्यंत ओढतो. मग सगळंच खोलून साफ करत बसा.

गाडी ढकलत लिंबाखाली नेली. टाकीचं बूच काढून सगळं डब्यांत उतरवलं, थोडं पेट्रोल घालून टाकी दोनदा विसळली. मॅनेजर आला आणि म्हणाला, "याच्या पगारातून कापतो." पोरगा विशीचाही नसेल, मान खाली घालून डबा धरून उभा.

"कापू नका," काका म्हणाले. "आम्ही दोघं काय झोपलो होतो?" डिझेलचे पैसे त्यांनी स्वतः दिले. आणि पेट्रोल भरायला पुन्हा त्याच पोराला बोलावलं. मला तेव्हा हा वेडेपणा वाटला, खोटं कशाला बोलू?

काका गेले, गाडी माझ्याकडे आली. आता भीती वेगळी आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, जुनं रबर फुगवतं. मागच्या पावसाळ्यात हाताला चिकटणारी एक नळी सापडली, तेव्हा सगळ्याच बदलून टाकल्या.

पंपावर मात्र अजूनही खाली उतरतो आणि नोझलआधी माझं नाक पुढे करतो.