गिट : सर्व्हरवरील मेमरीचा वापर

गिट ही लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली आवृत्ती-नियंत्रण प्रणाली होय. प्रकल्पाची प्रत मागितली असता सर्व्हर फाइलींचे गाठोडे बांधतो. त्यासाठी सारख्या आवृत्त्या मेमरीत शेजारी ठेवून त्यांतील केवळ फरक नोंदवतो. फाइली मोठ्या असल्यास किंवा अनेकांनी एकाच वेळी प्रत मागितल्यास मेमरी अपुरी पडून सेवा खंडित होऊ शकते. यासाठी प्रत्येक थ्रेडच्या मेमरीला मर्यादा घालतात, थ्रेडांची संख्या घटवतात आणि मोठ्या फाइली तुलनेतून वगळतात. ही सीमा मुळात ५१२ मेगाबाइट असते. गाठोडे आधीच बांधून ठेवल्यास तयार फरक पुन्हा वापरता येतात. मात्र मर्यादा अतिकडक केल्यास गाठोडे फुगते. मेमरी वाचते, परंतु डिस्कवरील जागा अधिक लागते.