पिस्तुलाचं म्यान कसं निवडावं?

२००८ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकन फुटबॉलमधला नावाजलेला खेळाडू न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये गेला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'सुपर बोल'च्या अंतिम सामन्यात त्यानं संघाला विजय मिळवून दिला होता. त्या रात्री त्याच्याजवळ भरलेलं ग्लॉक पिस्तूल होतं. म्यान नव्हतं, नुसतंच पँटच्या कमरेत खोचलेलं होतं. चालता चालता ते घसरून पायाकडे जाऊ लागलं. सावरायला त्यानं हात घातला आणि गोळी सुटली, ती त्याच्याच उजव्या मांडीत. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल बाळगण्याचा परवानाही त्याच्याकडे नव्हता. पुढच्या वर्षी त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. परवान्याचा मुद्दा वेगळा, पण ती गोळी सुटली ती म्यान नसल्यामुळे.

म्यान म्हणजे अर्थात होल्स्टर. 'मला याचं काय?' असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटेल आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेत निम्म्याहून अधिक राज्यांत कपड्यांखाली पिस्तूल बाळगायला आज परवानाही लागत नाही. आपल्याकडे तसं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळवावा लागतो, तो का हवा हे पटवून द्यावं लागतं. तरीही सराफ, रोकड नेणारे व्यापारी, बांधकाम व्यावसायिक, मळ्यात वस्ती करून राहणारे बागायतदार अशा कित्येकांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी ते होल्स्टरमध्ये किंवा पिशवीसारख्या साधनातच बाळगावं लागतं, ते पूर्ण झाकलेलं असावं लागतं आणि बाळगणाऱ्याचा त्याच्यावर प्रत्यक्ष ताबा असावा लागतो. म्हणजे उघड्यावर मिरवणं नियमातच बसत नाही. लग्नात किंवा मिरवणुकीत नेणं तर नाहीच नाही.

पोलीस खात्यात माझी बरीच वर्षं शस्त्रागारात गेली. परवानाधारक यायचे तेव्हा शस्त्राबद्दल खूप विचारायचे. कोणतं घ्यावं, किती लांब मारा करतं, काडतुसं कुठं मिळतात. होल्स्टरबद्दल विचारणारे थोडे. लाखभर रुपयांचं शस्त्र घ्यायचं आणि दुकानदारानं वर टाकून दिलेलं नायलॉनचं पाकीट कमरेला लावायचं, ही सर्रास पद्धत. त्यातला एक अनुभव सांगतो.

तालुक्याच्या गावचे एक सराफ होते. वजनदार देह, वय पन्नाशीचं. त्यांचं होल्स्टर टणक होतं आणि बसलं की रिव्हॉल्व्हरची मूठ बरगडीत रुतायची. म्हणून गाडीत बसताना ते काढून शेजारच्या सीटवर ठेवायचे. दुकानात गल्ल्यामागे ठेवायचे. असं दिवसातून आठ-दहा वेळा काढ-घाल. एकदा महामार्गावरच्या ढाब्यावर थांबले, स्वच्छतागृहात गेले, होल्स्टरसकट रिव्हॉल्व्हर खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि तसेच जेवायला येऊन बसले. फडकं मारणाऱ्या पोराला ते सापडलं. पोरगं शहाणं. त्यानं हात लावला नाही, मालकाला हाक मारली. त्या पोराला हातात घेऊन पाहायचा मोह झाला असता तर? सराफ माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, "साहेब, माझं चुकलंच. पण ते टोचतं हो फार."

ते 'टोचतं' फार महत्त्वाचं आहे. होल्स्टर आरामशीर असावं ही चैनीची बाब आहे असं लोक समजतात. माझं म्हणणं उलट आहे. जे टोचतं ते माणूस काढून ठेवतो आणि काढून ठेवलेलं शस्त्र हेच सगळ्यात धोक्याचं. दिवसभर अंगावर आहे हे विसरायला होईल असं होल्स्टर मिळालं, तर शस्त्र जिथं असायला हवं तिथंच राहतं.

आता निवड कशी करायची? आधी होल्स्टरची कामं लक्षात घ्या. पहिलं काम चाप झाकण्याचं. चाप आणि भोवतालची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, तीही कडक आवरणानं. बाहेरून बोटानं दाबलं तर आतला चाप हलता कामा नये. मऊ कापडी पाकीट इथंच नापास होतं. दुसरं काम धरून ठेवण्याचं. रिकामं शस्त्र होल्स्टरमध्ये घालून गादीवर उलटं धरा आणि हलकेच हलवा. ते पडलं तर ते होल्स्टर तुमच्या कामाचं नाही. तिसरं काम शस्त्र एकाच जागी ठेवण्याचं. सकाळी उजव्या कुशीवर आणि दुपारी पाठीमागे सरकलेलं असेल, तर ताबा कसला?

या तिन्ही कसोट्यांना उतरल्यावर मग आरामाचा विचार. आणि गंमत म्हणजे आरामाची सुरुवात होल्स्टरपासून होत नाही, पट्ट्यापासून होते. आपला नेहमीचा ऑफिसचा पट्टा पातळ आणि लवचीक असतो. पाऊण किलोच्या आसपासचं वजन एका बाजूला आलं की तो पिळवटतो, शस्त्र बाहेरच्या बाजूला झुकतं, मग आपण पट्टा आवळतो आणि संध्याकाळी कंबर धरते. साधारण दीड इंच रुंदीचा, दुहेरी चामड्याचा, उभा धरला तर सहज न वाकणारा पट्टा घ्या. कित्येकांची तक्रार निव्वळ पट्टा बदलल्यानं गेलेली मी पाहिली आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. कमरेभोवती घड्याळाची तबकडी आहे अशी कल्पना करा. बेंबीवर बारा वाजलेत आणि पाठीच्या मणक्यावर सहा. उजव्या हाताच्या माणसाला तीन म्हणजे बरोबर कुशीवर, चार म्हणजे कुशीच्या किंचित मागे, जिथं नैसर्गिक खळगा असतो. बहुतेकांना साडेतीन ते चार ही जागा मानवते. मूठ थोडी पुढे कललेली असली की ती शर्टातून मागे उठून दिसत नाही आणि बरगडीतही जात नाही. अमेरिकेत हल्ली पोटावर, एक वाजण्याच्या जागी लावायची पद्धत बरीच रुळली आहे. सडपातळ माणसाला ती सोयीची, हातही पटकन पोचतो. पण तिथं नळीचं तोंड मांडीच्या आणि जांघेच्या दिशेनं असतं. शिवाय आपण पंगतीला मांडी घालून बसतो, दुकानातल्या गादीवर बसतो. त्या बैठकीत ते पोटात खुपतं. पोट सुटलेलं असेल तर विचारूच नका. सहाच्या जागी, म्हणजे मणक्यावर, मात्र कुणीच लावू नये. मोटारसायकलवरून पाठीवर पडलात तर लोखंडाचा तो गोळा थेट मणक्यात बसेल.

गाडी चालवणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. सीटबेल्टचा खटका उजव्या हाताच्या चालकाच्या डाव्या कुशीला येतो, म्हणजे होल्स्टर उजवीकडे असेल तर अडचण थोडी. पण वर घेतलेला पट्टा शर्टाला शस्त्रावर आवळतो. बसल्यावर शर्टाची किनार मोकळी करायची सवय ठेवा.

आता आत की बाहेर? पट्ट्याच्या बाहेर लावायचं होल्स्टर शरीराला जास्त सुखाचं, पण ते झाकायला लांब आणि सैल वस्त्र लागतं. आपल्याकडे साध्या वेशातल्या अंगरक्षकांनी सफारी जवळ केली ती काही फॅशनसाठी नाही. बाहेर सोडलेला, जाड कापडाचा, खालच्या बाजूला खिसे असलेला तो सदरा कमरेवरचा उंचवटा सहज गिळतो. बाहेर सोडलेला बुशशर्टही चालतो. एकरंगी पातळ कापडापेक्षा चौकटीचा किंवा नक्षीचा बरा. पँटच्या आत बसणारं होल्स्टर चांगलं लपतं, पण त्यासाठी पँट कमरेत एक-दोन इंच सैल शिवून घ्यायला हवी. नेहमीच्याच मापाची पँट घालायची आणि 'होल्स्टर घट्ट होतं' म्हणायचं, यात होल्स्टरचा दोष नाही. नेहरू शर्ट आणि पायजमा घालणाऱ्यांची अडचण खरी आहे, कारण नाडीला वजन पेलत नाही. त्यांनी पोटाला बांधायचा रुंद पट्टा आणि त्यावर बसणारं कडक होल्स्टर पाहावं. नुसत्या कापडी कप्प्यावर विसंबू नये. आणि नाडीची टोकं नीट आत खोचावीत. नाडी किंवा शर्टाचं टोक चापाच्या कडीत अडकून अपघात होऊ शकतो.

कशाचं घ्यायचं हा यापुढचा प्रश्न. चामडं शरीराच्या वळणाला जुळवून घेतं, आवाज करत नाही, टोचत नाही. पण आपल्या हवेत, विशेषतः मुंबई आणि कोकणपट्टीत, ते घाम पितं आणि ओल धरून ठेवतं. मग पोलादाला गंज चढतो. दुसरा दोष म्हणजे वर्षं झाली की ते मऊ पडतं आणि तोंड मिटू लागतं. मिटलेल्या तोंडाची घडी चापाच्या कडीत शिरली तर शस्त्र परत ठेवताना गोळी सुटू शकते. हा दोष ओळखून अमेरिकेतल्या ब्रूस नेल्सन या कारागिरानं एक होल्स्टर आखलं आणि मिल्ट स्पार्क्स यांच्या कारखान्यानं ते 'समर स्पेशल' नावानं विकलं. त्याच्या तोंडाशी धातूची पट्टी बसवून ते कायम उघडं राहील अशी सोय केली आणि चामड्याची खरखरीत बाजू बाहेर घेतली, म्हणजे ते कपड्यात सरकत नाही. आजही पँटच्या आतलं चामडी होल्स्टर घेताना हे उघडं तोंड पाहून घ्यावं. नवं चामडं फार घट्ट वाटलं तर तेल लावून मऊ करू नका. रिकामं शस्त्र पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवा, तेवढं पुरतं.

कायडेक्स हे कडक प्लॅस्टिक मुळात विमानांच्या अंतर्भागासाठी निघालं. ते तापवून शस्त्राच्या आकारावर बसवतात, त्यामुळे शस्त्र खटकन जागी बसतं, घामाचा परिणाम होत नाही आणि तोंड मिटत नाही. मात्र त्याच्या कडा तासलेल्या नसतील तर कातडी सोलवटते. कडेवरून बोट फिरवून पाहा, खरचटलं तर पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून घ्या. शरीराच्या बाजूला चामडं आणि बाहेरून कायडेक्स अशीही होल्स्टरं मिळतात. काहीही घेतलं तरी आत सुती बनियन हवं आणि शस्त्राच्या मागची बाजू उघड्या कातडीला लागू नये इतपत उंच पाखा हवा.

होल्स्टर नेहमी त्याच शस्त्राच्या मापाचं घ्या. रिव्हॉल्व्हरची चक्री जाड असते, पिस्तूल चपटं. 'सगळ्यांना बसतं' असं सांगून विकलेलं होल्स्टर कुणालाच नीट बसत नाही. वजनाचाही फरक पडतो. कानपूरच्या आयुध निर्माणीनं २०१४ साली आणलेलं 'निर्भीक' हे .३२ चं रिव्हॉल्व्हर सुमारे अर्ध्या किलोचं, म्हणजे पेलायला हलकं. खांद्याचं होल्स्टर सिनेमात छान दिसतं, पण त्यावर जाकीट हवं आणि उन्हाळ्यात ते अंगावर राहत नाही. घोट्याचं होल्स्टर सतत बसून काम करणाऱ्यालाच ठीक. खिशात ठेवायचं असेल तर खिशाचं वेगळं होल्स्टर घ्या आणि त्या खिशात किल्ली, नाणी, काही म्हणजे काही ठेवू नका.

घेतल्यावर लगेच रस्त्यावर जाऊ नका. शस्त्र रिकामं करा, दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि आठवडाभर घरातल्या घरात वापरा. खुर्चीवर बसा, जमिनीवर बसा, चपलेचा पट्टा लावायला वाका, जिना चढा, गाडीत अर्धा तास बसा. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवं बसल्यावर काय होतं हेही पाहा. नेमकं तिथंच शस्त्र काढून ठेवायचा मोह होतो. एक-दोन दिवस अवघडल्यासारखं होईल, ते चालायचंच. पण चौथ्या-पाचव्या दिवशीही हात तिथंच जात असेल, कातडी लाल होत असेल, तर उतार बदला, जागा अर्ध्या तासानं पुढे-मागे करा, म्हणजे त्या तबकडीवरच्या. तरी जमलं नाही तर होल्स्टर बदला. सारखा कमरेला हात लावणारा माणूस शस्त्र बाळगून आहे हे चोरालाही कळतं.

परत ठेवताना घाई नको. शर्ट बाजूला घ्यायचा, होल्स्टरच्या तोंडाकडे पाहायचं, बोट चापापासून लांब ठेवायचं आणि सावकाश बसवायचं. अडलं तर ढकलायचं नाही, बाहेर काढून काय अडकलं ते पाहायचं. शस्त्र ठेवण्याची शर्यत कुणी लावलेली नाही.

घरी आल्यावर एकदाच काढा आणि काढलंत की कुलपात ठेवा. होल्स्टर ही चालता-फिरताना बाळगण्याची सोय आहे, घरात ठेवण्याची नाही. खुंटीला टांगलेलं होल्स्टर मुलांच्या हाताला लागतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये तर रात्रभरही ठेवू नये, गंजतं.

त्या सराफांनी पुढे जाड पट्टा घेतला, कुशीच्या किंचित मागे बसणारं, पुढे कललेलं होल्स्टर घेतलं आणि पँटी दीड इंच सैल करून घेतल्या. काही महिन्यांनी भेटले तेव्हा विचारलं, "आता टोचतं का?" म्हणाले, "नाही. सकाळी लावतो ते रात्री तिजोरीपाशीच काढतो." मला एवढंच ऐकायचं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)