नवं आउटबोर्ड इंजिन होडीला बसवताना

कारेगाव शिरूर तालुक्यातलं, समुद्र घाटापलीकडे. तरी होडी आपल्या भागाला परकी नाही. शिरूरला घोड धरण आहे, दौंडच्या खालच्या अंगाला भीमेवर उजनीचा फुगवटा पसरलेला आहे, आणि दोन्हीकडे मासेमारी चालते. मालवण, देवगड, हर्णैच्या किनाऱ्यावरून जाळी घेऊन खुल्या दर्यात जाणाऱ्या फायबरच्या होड्यांना जे आउटबोर्ड इंजिन लावतात, तेच कमी ताकदीचं इंजिन गोड्या पाण्यावरही चालतं. बसवण्याची रीत सारखीच आहे. दर्यात मात्र किनारा लांब असतो आणि पाणी खारट, म्हणून तिथल्या होडीचंच उदाहरण घेऊ. ते जमलं की उजनीवरचं काम सोपं वाटेल.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या पोटात न बसवता मागच्या आडव्या फळीवर बाहेरून टांगलेलं इंजिन. वर यंत्र, मध्ये उभा दांडा, खाली गिअरपेटी आणि पंखा. दांडीने अख्खं इंजिन वळवलं की होडी वळते, त्यामुळे वेगळं सुकाणू लागत नाही. नव्या इंजिनाबद्दल तक्रार येते तेव्हा पुष्कळदा इंजिन निर्दोष असतं आणि चूक फळीपाशी झालेली असते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त वेळ फळीपाशीच जाणार आहे.

काम पावसाळ्यात काढणं बरं. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या शाकारलेल्या असतात, मिस्त्रीलाही सवड असते. नारळी पौर्णिमा तोंडावर आली की सगळ्यांना एकदम घाई होते, आणि घाईत मोजमाप राहून जातं.

पहिलं काम टेपने करायचं, तेही दुकानात जाण्याआधी. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून, अगदी मध्यावर, होडीच्या तळापर्यंतचं सरळ उभं अंतर मोजा. फळी बाहेर कललेली असते. टेप तिच्या उतारावर ठेवला तर आकडा जास्त येतो, म्हणून वर एक पट्टी आडवी धरून ओळंब्याने मोजावं. हे अंतर साधारण १५ इंच असेल तर आखूड दांड्याचं इंजिन घ्यायचं आणि २० इंच असेल तर लांब दांड्याचं. त्याहून उंच फळीसाठी २५ इंची दांडाही मिळतो.

इथे फसणारे खूप असतात. पंख्याच्या लगेच वर एक आडवी सपाट पट्टी असते, तिला मिस्त्री कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. इंजिन सरळ उभं असताना ही पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यायला हवी. दांडा आखूड पडला तर पट्टी वर राहते. मग लाटेवर होडी उचलली की पंखा हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि होडी मात्र जागची हलत नाही. दांडा लांब पडला तर खालचा भाग पाण्यात ओढत राहतो, इंधन जास्त जळतं, पाणी वर उडतं. शेजाऱ्याला स्वस्तात मिळालं म्हणून तसंच इंजिन आपणही घ्यावं, हे म्हणूनच चालत नाही. त्याची फळी वेगळी असते.

ताकदीचंही तसंच. होडी बांधणाऱ्याने किती अश्वशक्तीपर्यंत इंजिन चालेल हे सांगितलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नये. वजनही पाहावं. १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन ३५ ते ४० किलो भरतं, फोर-स्ट्रोक ५० किलोच्या आसपास जातं. त्याच्याजवळच दांडी धरणारा माणूस बसतो, ओली जाळीही बऱ्याचदा मागेच येतात. मागची बाजू इतकी दबली की पाठीमागून आलेली लाट आत शिरेल, तर जास्त ताकद काही कामाची नाही.

आता फळीची तब्येत. बाहेरून फायबर दिसलं तरी आत बहुधा प्लायवुड असतं. जुन्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. छोट्या हातोडीने सगळीकडे हलके ठोके द्या. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर तिथे लाकूड गेलेलं आहे. जुनं इंजिन अजून टांगलेलं असेल तर त्याला वरून धरून मागेपुढे ओढा आणि फळी वाकते का ते पाहा. कुजलेल्या फळीवर जाड पत्रा ठोकून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तसं करू नका. फायबर कापून आतलं लाकूड बदलून घ्या, मगच नवं इंजिन लावा.

इंजिन उचलायला दोघं तरी हवेत, शक्य असेल तर साखळीचा पुली ब्लॉक लावावा. फळीच्या बरोबर मध्यावर खूण करून इंजिन टांगायचं. आधी त्याची सुरक्षा साखळी किंवा जाड दोर होडीच्या पक्क्या कडीला बांधायचा, मग पकडीचे दोन्ही स्क्रू हाताने घट्ट आवळायचे.

स्क्रूवरच थांबणारे बरेच भेटतात. इंजिनाच्या थरथरीने स्क्रू हळूहळू सैल होतात आणि भर दर्यात इंजिन फळीवरून सरकतं. म्हणून कंपनीने दिलेल्या भोकांतून आरपार बोल्ट घालायचेच. ते ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, ही प्रत खाऱ्या पाण्यात जास्त टिकते. भोक पाडल्यावर आतल्या कच्च्या लाकडाला इपॉक्सी लावा, बोल्टभोवती सागरी सीलंट, म्हणजे पाणी अडवणारं चिकट रबर, भरपूर भरा, आतून रुंद वॉशर घाला. दहा मिनिटांचं हे काम टाळलं की फळी पुन्हा कुजायला तिथूनच सुरुवात होते.

इंजिनाचा कोन एका खिळीवर ठरतो. होडी वेगात असताना पंख्याचा दांडा पाण्याला समांतर असावा. इंजिनाचं खालचं टोक फळीकडे जास्त आलं तर होडी नाक खुपसते, फार लांब गेलं तर नाळ वर उचलते आणि होडी उड्या मारते. खिळीची भोकं बदलून पाहायला पहिल्या फेरीतच वेळ ठेवा.

पंखा जोडताना दांड्याला सागरी ग्रीस चोळा, नट घट्ट करा आणि नटाची कॉटर पिन वाकवायला विसरू नका. इंजिनाबरोबर आलेला पंखा जाळ्यांनी भरलेल्या होडीला जुळेलच असं नाही. पंख्याची पिच म्हणजे एका फेऱ्यात तो किती इंच पुढे सरकेल याचं माप. भरल्या होडीवर पूर्ण वेग देऊनही इंजिन पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल तर कमी पिचचा पंखा लावायचा. एक इंच पिच कमी केली की मिनिटाला साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. जड पंख्यावर दिवसेंदिवस घुसमटणारं इंजिन लवकर झिजतं.

इंधनाच्या नळीत एक रबरी फुगा असतो. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. उलटा जोडला तर इंधन चढतच नाही. टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो, तो बंद राहिला तर इंजिन थोडं चालून बंद पडतं आणि माणूस प्लग साफ करत बसतो. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर जरूर बसवा. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात ऑइल मिसळायचं नसतं. टू-स्ट्रोकला नेहमीचं प्रमाण बहुधा ५० ला १, म्हणजे १० लिटर पेट्रोलात २०० मिली ऑइल असतं. नवं असताना पुष्कळ इंजिनांना दुप्पट ऑइल सांगतात. आपल्या इंजिनाची पुस्तिका काय सांगते तेच शेवटचं.

लाल दोरीचा स्विच खेळणं समजून कोपऱ्यात टाकून देतात. ती दोरी दांडी धरणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला हवी. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन तत्काळ बंद होतं. नाहीतर रिकामी होडी गोल फिरत त्याच्याच अंगावर येऊ शकते.

पहिल्यांदा चालू करताना इंजिन कधीही कोरडं चालवू नका, क्षणभरसुद्धा नाही. आत रबरी पात्यांचं एक छोटं चक्र पाणी ओढून इंजिन थंड ठेवतं, आणि पाण्याशिवाय ती पाती लगेच जळतात. पंखा काढून ठेवा, कॅव्हिटेशन प्लेट बुडेल एवढं पाणी पिंपात भरा, गिअर न्यूट्रलवर ठेवा, मग चालू करा. मागून पाण्याची धार सुटली पाहिजे. ती दिसली नाही तर लगेच बंद करून पाणी घेण्याची जाळी पाहा. किनाऱ्यावर तिथे वाळू अडकते, उजनीवर जलपर्णीच्या मुळ्या आणि प्लास्टिक.

पहिले दहा तास इंजिनाला सांभाळून घ्यायचं. सुरुवातीची काही मिनिटं अगदी हळू, पहिला तास अर्ध्या वेगापर्यंत, दुसरा तास पाऊण वेगापर्यंत, पुढे पूर्ण वेग दिला तरी सलग पाच मिनिटांच्या वर नाही. ही चाचणी वारा पाहून, किनाऱ्याजवळ, लाइफ जॅकेट घालूनच करावी. धरणाचं पाणी शांत म्हणून जॅकेट नको, असं कुणी म्हणालं तर २१ मे २०२४ आठवावा. त्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात कुगाव-कळाशी मार्गावरची प्रवासी होडी उजनीत उलटली आणि सहा जणांचा जीव गेला.

समुद्रावर जाण्याआधी कागद पुरे करा. होडीच्या नोंदणीत इंजिनाचा क्रमांक आणि अश्वशक्ती असते, म्हणून इंजिन बदललं की मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात नोंद बदलून घ्यावी. विम्याचा प्रसंग आला तर हाच क्रमांक पाहिला जातो.

खारं पाणी आत राहू देऊ नका. रोज परतल्यावर गोड्या पाण्यावर इंजिन काही मिनिटं चालवा आणि उभं ठेवून निथळू द्या. इंजिनाच्या खालच्या भागावर जस्ताचा ठोकळा असतो, तो स्वतः झिजून बाकी धातू वाचवतो. त्याला रंग लावला की तो निकामी. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा तांबं असलेला रंगही अॅल्युमिनियमच्या गिअरपेटीवर चालत नाही, धातू खाल्ला जातो.

पहिली सर्व्हिस १० ते २० तासांनी, पुस्तिकेत असेल त्याप्रमाणे. गिअरपेटीचं ऑइल बदलताना नवं ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि पेटी अर्धवटच भरते. काढलेलं ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. अशा वेळी पंखा काढून त्याच्या मागे पाहा. जाळ्याचा नायलॉन तिथे गुंडाळून बसतो आणि दांड्याचं रबरी सील कापतो. जाळीवाल्या होडीने ऑइल बदलण्याची वाट न पाहता पंख्यामागची ही जागा दर काही दिवसांनी तपासावी. पाना, एक जास्तीची कॉटर पिन आणि पाच मिनिटं, एवढंच लागतं.