अर्ध्या मिलिमीटरचे चिलखत

इनॅमलचा मग खूप तापवून एकदम गार पाण्यात बुडवला, तर त्याचे टवके उडतात. मगाचे फारसे बिघडत नाही. पण असाच टवका जेट विमानाच्या इंजिनातील पात्यावरून उडाला तर?

आधुनिक जेट इंजिनाच्या टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचे तापमान १५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. पाती असतात निकेलच्या मिश्रधातूची, आणि शुद्ध निकेल तर १४५५ अंशांनाच वितळते! मग पाती टिकतात कशी? त्यांच्या पोकळीतून तुलनेने थंड हवा खेळवतात आणि बाहेरून झिर्कोनियाचा लेप देतात. अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असलेला हा लेप उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे आतील धातू बराच कमी तापतो.

शुद्ध झिर्कोनिया मात्र चालत नाही. सुमारे ११७० अंशांना त्याची स्फटिकरचना बदलते. थंड होताना तो फुगतो व त्याला तडे जातात. म्हणून त्यात वजनाने ७ ते ८ टक्के यिट्रिया मिसळतात. १९७६ साली अमेरिकेत नासाच्या लुइस संशोधन केंद्राने यिट्रियायुक्त लेपाची पाती प्रत्यक्ष जेट इंजिनात चालवून पाहिली.

आता एक छोटे गणित करू. १० सेंमी. लांबीची पट्टी १००० अंशांनी तापवली, तर मिश्रधातूची पट्टी सुमारे १.४ मिमी. वाढते, झिर्कोनियाची सुमारे १ मिमी. दोघे एकमेकांना चिकटलेले! त्यात झिर्कोनियातून ऑक्सिजन सहज आत जातो आणि लेपाखालच्या जोडथरातील अॅल्युमिनियमशी संयोग पावून अॅल्युमिनाचा थर तयार होतो. हा थर खालच्या धातूचे रक्षण करतो. पण तो धातूपेक्षा कमी आकुंचन पावतो. तो जाड झाला की थंड होताना ताण वाढतो आणि वरचा लेप पोपड्यासारखा सुटतो.

म्हणून लेपाच्या दोन परीक्षा घेतात. पहिलीत नमुना भट्टीत सतत तापत ठेवून त्याचे वजन पाहतात. ऑक्सिजन जोडला गेला की वजन वाढते. थराची जाडी दुप्पट होण्यास साधारण चौपट वेळ लागतो. वजन एकाएकी घटले, तर समजावे की पोपडा गळाला!

दुसरी परीक्षा अधिक कठोर. नमुना ११०० अंशांच्या आसपास तासभर तापवायचा, पंख्याने थंड करायचा, पुन्हा तापवायचा. लेपाचा ठरावीक भाग सुटेपर्यंत किती फेऱ्या झाल्या, ते मोजायचे. विमानाचे प्रत्येक उड्डाण ही अशीच एक फेरी असते. सलग १००० तास तापलेल्या लेपापेक्षा तासातासाने १००० वेळा तापून निवालेला लेप सहसा लवकर सुटतो.

मग तापमान आणखी वाढवून परीक्षा झटपट का उरकू नये? कारण फार वरच्या तापमानाला लेप वेगळ्याच कारणाने बिघडू शकतो. उत्तर लवकर मिळेल खरे; पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे असेल आणि त्याच्या भरवशावर विमान उडवता येणार नाही.