गोधडीला जोड

आपल्या बेळगावकडच्या घरांतले पलंग रुंद झाले, गोधड्या मात्र जुन्या मापाच्याच राहिल्या. कारण साडीत आहे. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब. तिच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांचे चार थर होतात आणि रुंदी पन्ह्याएवढी. एका माणसाला ती पुरते. सहा फुटी गादीवर आम्ही दोघं आणि मधे लेक, म्हणजे रात्रभर ओढाताण.

आमच्याकडची गोधडी आजीच्या हातची, शेवटची. तिच्याच इरकलीची, 44 इंच रुंद. आईचं मत, पलंगाला नवी घ्या, ही आठवण म्हणून जपून ठेवा. माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली गोधडी कसली आठवण, असं माझं.

पण वाढवायची तर कड उसवावी लागणार. ही गोधडी बाहेरून आत शिवत नेलेली, चौकोनात चौकोन. बाहेरच्या ओळी आजीची नजर शाबूत असतानाच्या, तांदळाएवढ्या टाक्यांच्या. मध्यावर येईतो मोतीबिंदू वाढला होता. तिथले टाके पेराएवढे लांब, वाकडे. म्हणजे उसवायचे ते नेमके तिचे सगळ्यात सुंदर टाके. आई दोन दिवस बोलली नाही. शेवटी थोरल्या काकूंनी तोड काढली: दोन लांब कडांच्या दोन-दोनच ओळी उसवायच्या, उशाकडची आणि पायथ्याची कड तशीच ठेवायची. कोपऱ्याशी दोरा कापताना शेपूट लांब सोडायचं आणि गाठ मारून थरात दडवायचं, नाहीतर पुढची ओळही सुटत जाते.

मापाचा हिशेब सोपा निघाला. काकूंची जुनी सुती नऊवारी उभी मधोमध फाडली की 23 इंची दोन पट्ट्या होतात. प्रत्येकीच्या चार घड्या, म्हणजे जाडी जुन्याइतकीच. दोन इंच सांध्यात जातात, इंचभर धावदोऱ्याने आवळतं, उरतात 20. एकूण रुंदी 84; गादीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच खाली येते. साडी जुनीच घ्यावी. नवं कापड धुतल्यावर आटतं आणि शेजारच्या जुन्याला चुण्या पाडतं. रंग जातो का, तेही ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहिलं. पट्टीची लांबी ठरवताना माप गोधडीच्या मध्यावर घ्यावं. वापरून वापरून कडा लांबलेल्या असतात, त्यांचं माप धरलं तर जोड लाटेसारखी फुगते.

खरं काम सांध्याचं. चारही थर एकाच रेषेत संपले तर तिथे वरवंटा तयार होतो, झोपल्यावर टोचतो. म्हणून नवे थर अर्ध्या-अर्ध्या इंचाने मागेपुढे कापले. जुन्याला कात्री लावली नाही. शिवाय काही ओळी आडव्या, सांधा ओलांडून चार बोटं जुन्यात नेल्या, म्हणजे सगळं वजन एकाच शिवणीवर येत नाही. दोरा जाड सुतीच हवा. नायलॉनचा झिजलेल्या कापडाला कापत जातो.

जोड दिसू नये म्हणून रंग जुळवत बसले नाही. इरकलीतसुद्धा सुती अंगाचा ताणा आणि पदराचा रेशमी ताणा मागावर एकमेकांत अडकवून जोडतात, आणि तो पदर कुणी लपवत नाही. आमची गोधडी मधे हिरवी, दोन्हीकडे वांगी रंगाची झाली आहे.

आता तिचं वजन जवळजवळ दुप्पट आहे. ओली झाली की एकीच्याने उचलत नाही, पिळायला आई आणि मी दोघी लागतो. दोरीवर टाकली तर सांधा ताणतो, म्हणून गच्चीच्या कठड्यावर पसरून वाळवतो.